तसबिरीचा हिशोब



आमच्या इंदुरात चित्रकाराकडे पहिलं गिऱ्हाईक यायचं ते बहुतेक कुणाचं तरी तेरावं उरकल्यावर. दिवस झाले, पाहुणे गेले, भांडी घासून परत माळ्यावर चढली, की मग घरातला थोरला मुलगा ट्रंकेच्या तळातून बोटभर फोटो काढायचा आणि विचारत विचारत आमच्या दारात उभा राहायचा. "ताई, आईची तसबीर करायची आहे. मोठी. दिवाणखान्यात लागेल अशी."

मी पन्नास वर्षं याच शहरात चित्रं काढून आणि विकून जगले. कुठे नोकरी केली नाही. शाळेत ड्रॉइंग टीचर झाले नाही, याचं आमच्या नात्यात अजूनही दुःख आहे. या पन्नास वर्षांत चित्र कसं विकलं गेलं, कुणी घेतलं, कितीला घेतलं, हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं. आपल्याकडे चित्रकारांच्या चरित्रात पदकं असतात, प्रदर्शनं असतात. घरभाडं कशातून गेलं ते नसतं.

माझा जन्म रामबागेतला, १९५२ चा. वडील मिलमध्ये कारकून. १८१८ नंतर इंदूर होळकरांची राजधानी झालं. होळकरांच्या आसऱ्याने आलेली फडणीस, कारकून, वैद्य, पुराणिक, शिलेदार अशी सगळी मंडळी इथेच रुजली. नंतर गिरण्या आल्या, रेल्वे आली, तशी आणखी मराठी घरं आली. या सगळ्या घरांत दोन गोष्टी हमखास: एक देवघर, आणि दुसरी, पूर्वजांच्या तसबिरींची भिंत. आमच्या धंद्याचा पाया ती भिंत.

१९७३ साली मी पहिली तसबीर केली, पंच्याहत्तर रुपयांना. वीस बाय चोवीस इंच, तैलरंग. कापड मिलच्या दुकानातलं जाड ड्रिल. तयार कॅनव्हास तेव्हा आमच्या आवाक्यात नव्हता. लाकडी चौकटीवर कापड ताणायचं, सरस उकळून त्याचा हात द्यायचा, वर झिंक व्हाइटचे दोन-तीन थर. सरस म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांचा. तो शिजायला लागला की आमची आजी ओटल्यावर जाऊन बसायची आणि घास सोडायची. पुढे सरस मी गच्चीवर, वारा पाहून शिजवू लागले. रंगाच्या ट्यूब कॅम्लिनच्या. परदेशी रंगाची एखादी ट्यूब मिळाली तर ती फक्त चेहऱ्यासाठी राखून ठेवायची, साडी-पदर स्वदेशीत भागवायचं.

फोटोवर पेन्सिलीने बारीक चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी कॅनव्हासवर मोठ्या करून आखायच्या, आणि एकेक घर भरत जायचं. हे ऐकायला सोपं वाटतं. पण बोटभर फोटोत डोळे म्हणजे दोन काळे ठिपके. त्यात पापणी कुठे, बुबुळ कुठे, नजर कडक होती की मऊ, काही दिसत नाही. मग मी घरी जायचे. त्या बाईच्या बहिणीला भेटायचे, मुलीला उजेडात बसवायचे, नाकाची ठेवण कुणात उतरली ते विचारायचे. इथे मला बाई असण्याचा फायदा झाला, हे खरं आहे. माजघरात पुरुष चित्रकाराला कोण घेणार? मी सरळ आत, स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसायचे. बायका बोलायच्या. त्या बोलण्यातून जो चेहरा मिळायचा तो फोटोत नसायचा.

आणि मग कुंकवाचा प्रश्न. किती घरांत हा प्रश्न आला म्हणून सांगू! आई वीस-पंचवीस वर्षं विधवा होती, एकुलता एक फोटो तोही तीर्थयात्रेच्या वेळचा, डोक्यावरून पदर, कपाळ मोकळं. मुलं म्हणणार, "ताई, कुंकू लावा. नथ घाला. आमच्या लहानपणीची आई काढा." एका घरात दोन भावांचं यावरून जुंपलं. थोरला म्हणे, जशी होती तशी हवी, तिने आम्हाला त्या कपाळाने वाढवलं. धाकटा म्हणे, तसबिरीत तरी तिला सवाष्ण असू दे. शेवटी बहिणीने निकाल दिला: दोन तसबिरी करा. मी केल्या, एकाच चेहऱ्याच्या. आजही त्या घरात समोरासमोरच्या भिंतींवर आहेत. माझ्या मते मोकळ्या कपाळाची जास्त चांगली उतरली आहे. धाकट्याला हे मी कधी सांगितलं नाही.

पैशांची रीत अशी होती: एक तृतीयांश बयाणा, एक तृतीयांश रंग भरल्यावर, उरलेले फ्रेम होऊन भिंतीवर लागल्यावर. हा शेवटचा हप्ता म्हणजे खरी परीक्षा. कारण तसबीर पाहायला सगळं घर जमतं आणि सगळ्यांच्या आठवणीतली आई वेगळी असते. "हनुवटी जरा..." एक मावशी म्हणते, आणि हप्ता लांबतो. माझ्या सरांनी यावर उपाय सांगितला होता: काम घेतानाच विचारायचं, पसंती कुणाची? एकच माणूस ठरवायचं आणि पावतीवर त्याचं नाव लिहायचं. बहुतेक घरांत मी थोरल्या लेकीचं नाव लिहून घेई. मुलगे डोळे भरून येऊन काहीही पसंत करतात किंवा काहीच करत नाहीत. लेक नेमकं सांगते की, डावी भुवई थोडी वर होती.

आता थोडं मागे जाऊ, कारण आमच्या सरांच्याही आधीची गोष्ट सांगितल्याशिवाय हे पुरं होत नाही.

१९२७ साली इंदुरात होळकर संस्थानाच्या आश्रयाने चित्रकलेची शाळा निघाली आणि दत्तात्रय दामोदर देवळालीकर तिचे मास्तर झाले. त्यांच्या हाताखाली शिकलेली नावं पाहा: नारायण श्रीधर बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन, डी. जे. जोशी, विष्णू चिंचाळकर. एका लहान संस्थानी गावात, थोड्याच वर्षांत! पोरांना घेऊन उघड्यावर जायचं, ऊन-सावली पाहून जाड रंगाने भराभर लावायचं, हे वळण त्या शाळेने लावलं. पदविकेची परीक्षा द्यायला मात्र मुंबई. बेंद्र्यांनी ती १९३३ मध्ये दिली.

त्याच काळात गावाच्या दुसऱ्या टोकाला यशवंतराव होळकर (दुसरे) माणिकबाग राजवाडा बांधवत होते. एकार्ट मुथेसियस नावाचा तरुण जर्मन वास्तुकार, फर्निचर युरोपातून, पोर्ट्रेट बर्नार्ड बूते द मोंवेल या फ्रेंच चित्रकाराकडून, एक पाश्चात्त्य पोशाखात आणि एक मराठेशाही. ब्रांकुशीचे 'बर्ड इन स्पेस' हे पक्षीही महाराजांनी घेतले. दृष्टी होती, यात वादच नाही. त्या काळात ब्रांकुशी विकत घेणारा हिंदुस्थानात दुसरा कोण होता? शाळाही संस्थानाचीच, मास्तरांचा पगार तिथूनच, हेही मान्य. पण पगार देऊन विद्यार्थी तयार करणं वेगळं आणि त्या विद्यार्थ्याचं चित्र पैसे मोजून भिंतीवर लावणं वेगळं. शिकवायला इंदूर आणि विकायला मुंबई, ही आमची रीत तेव्हापासूनची.

म्हणून सगळे बाहेर पडले. बेंद्रे १९३६ ते ३९ काश्मीरला, तिथल्या व्हिजिटर्स ब्यूरोत चित्रकार-पत्रकार म्हणून. पुढे १९५० मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कला विद्याशाखा निघाली, तिथे चित्रकला विभाग त्यांनी उभा केला. म्हणजे इंदूरच्या मास्तरांची शिकवण बडोद्यात जाऊन एका आख्ख्या पिढीला मिळाली. १९६६ साली तीही नोकरी सोडून ते मुंबईत पूर्णवेळ चित्रं काढत राहिले. पंचावन्न-छप्पन्नाव्या वर्षी पगार सोडणं म्हणजे काय असतं, ते चित्रकाराच्या बायकोला विचारा. हुसेन पंढरपूरचे, पण बालपण इंदूरचं, वडील मिलमध्ये नोकरीला. मुंबईत जाऊन त्यांनी सिनेमाचे बोर्ड रंगवले, फुटाच्या हिशोबाने मजुरी. नंतर फर्निचरच्या दुकानासाठी लाकडी खेळणी केली. त्यांची चित्रं कोटींत गेली ते सगळ्यांना ठाऊक आहे. बोर्डाचा फुटाचा दर कुणाला आठवतो?

चिंचाळकर गुरुजी मात्र इथेच राहिले. त्यांना मी पाहिलंय, त्यांच्या खोलीत जाऊन बसलेय. वाळकी फांदी, नारळाची करवंटी, फुटकं भांडं, काहीही उचलायचे आणि त्यात एक चेहरा दाखवायचे. त्यांचं, राहुल बारपुत्यांचं आणि देवासच्या कुमारजींचं मैत्र आमच्या गावात दंतकथेसारखं सांगतात. गुरुजींनी विकण्याकडे पाठच फिरवली होती. मला त्यांच्याबद्दल अपार आदर आहे. पण एक सांगते, त्यांचं उदाहरण देऊन कितीतरी लोकांनी आमच्याकडून चित्रं फुकट नेली. "गुरुजी कुठे पैसे मागायचे?" असं म्हणायचे आणि गुंडाळी काखेत मारायचे! संताच्या गावात दुकान मांडणाऱ्याचे हाल असतात.

धंद्याची दुसरी बाजू म्हणजे छापील चित्र. तिचा उगमही आपल्याच एका संस्थानात आहे. सयाजीरावांनी १८८८ मध्ये राजा रविवर्म्याला चौदा पौराणिक चित्रांचं काम दिलं. ती पाहायला लोकांची रीघ लागली. आणि एवढ्या लोकांना जे हवंय ते छापून घराघरांत का देऊ नये, हा विचार पुढे आला. १८९४ मध्ये मुंबईत प्रेस निघाला, नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. प्रेस कर्जात बुडाला आणि रविवर्म्याला तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. आपल्या पणज्यांच्या देवघरातली लक्ष्मी-सरस्वती त्या छापखान्यातली. घराघरांत पोचलेल्या चित्रकाराचं घर त्यावर चाललं असं नाही.

आमच्या पिढीने हा धडा दीनानाथ दलालांकडून घेतला. मूळचे गोव्याचे. मासिकांची मुखपृष्ठं करणारे पुष्कळ होते, पण दलालांनी १९४५ मध्ये स्वतःचा 'दीपावली' काढला. चित्र आपलं, अंकही आपला. दुसरे गोव्याचेच रघुवीर मुळगांवकर. त्यांच्या देवादिकांची कॅलेंडरं इंदूरच्या प्रत्येक किराणा दुकानात असायची आणि वर्ष संपलं तरी कुणी ती फेकत नसे, चौकट करून लावत. इकडे मिलच्या गणपतीत अनंत चतुर्दशीच्या झांक्या निघत, त्यांच्या पडद्यांचं काम आम्हा स्थानिकांना मिळे. महिनाभर रात्री जागून रंगवायचं, एका रात्रीत मिरवायचं, आणि सकाळी पडदा फाटलेला. पण पैसे रोख. एका झांकीच्या पडद्यावर माझं चार महिन्यांचं किराणा सामान निघालं आहे. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, बाकीच्याही गेल्या. झांक्या चालू राहिल्या, आमचा हात त्यात हळूहळू कमी झाला. फ्लेक्स आला तेव्हा उरलासुरलाही गेला.

छपाईवरून माझ्यावरही एक प्रसंग आला. १९८७ मध्ये महेश्वरच्या घाटाचं एक चित्र मी नऊशे रुपयांना विकलं. घेणाऱ्याचं कापडाचं दुकान. पुढच्या दिवाळीत पाहते तो काय, तेच चित्र त्यांच्या कॅलेंडरवर, खाली दुकानाचं नाव आणि माझी सही मात्र कापलेली. विचारायला गेले तर म्हणाले, "चित्र आम्ही विकत घेतलंय. आमच्या मालाचं आम्ही काहीही करू." माझ्या नात्यातल्या एका वकिलांनी कायदा उघडून दाखवला. तो इथे लिहिते, कारण आपल्या घराघरांत चित्रं आहेत आणि घराघरांत आता चित्र काढणारी पोरंही आहेत.

चित्र विकलं म्हणजे कापड, रंग आणि चौकट विकली. छापण्याचा हक्क विकला जात नाही. तो द्यायचा तर लेखी, सहीनिशी द्यावा लागतो, आणि मुदत लिहिली नसेल तर तो पाच वर्षांपुरताच धरला जातो. मात्र एक खोच आहे: कुणी पैसे देऊन स्वतःची किंवा घरच्याची तसबीर करून घेतली, तर वेगळा करार नसेल तेव्हा हक्काचा पहिला मालक काम सांगणारा. म्हणजे तुमच्या आजीची तसबीर मी काढली असली तरी ती छापायला मला तुम्हाला विचारायला हवं, आणि मी मनाने काढलेला महेश्वरचा घाट छापायला तुम्हाला मला विचारायला हवं. न्याय्य वाटतं मला हे. त्याच कायद्यात ५३-अ नावाचं एक कलम आहे. मूळ चित्र पुढे दहा हजारांहून जास्त किमतीला परत विकलं गेलं, तर चित्रकाराला त्यातला वाटा मागता येतो, जास्तीत जास्त दहा टक्के. माझ्या माहितीतल्या एकाही इंदुरी चित्रकाराच्या हातात या कलमाचा रुपया पडलेला नाही. कायदा पुस्तकात आहे, चित्र तिसऱ्याच्या घरात आहे आणि विक्री चौथ्या गावात होते.

कापडवाल्यांनी शेवटी दोन हजार दिले आणि वर शंभर कॅलेंडरं. कॅलेंडरं मी घेतली, सगळ्यांच्या खाली शाईने सही केली आणि नात्यात वाटली. तेव्हापासून माझ्या पावतीवर रबरी शिक्का असतो: 'छपाईचे हक्क चित्रकाराकडे.'

भाव कसा ठरवायचा, हे मला नव्या मुली नेहमी विचारतात. माझं उत्तर कंटाळवाणं आहे. कॅनव्हास, रंग, फ्रेम, वीज, खोलीचं भाडं लिहा. किती दिवस लागले ते लिहा आणि त्या दिवसांची रोजी धरा, निदान गवंड्याइतकी. मग जे चित्र विकलं जाणार नाही त्याचाही खर्च त्यातच घाला, कारण दहातली चार घरीच राहतात. गॅलरीतून विकलं तर गॅलरी साधारण तिसरा हिस्सा ते निम्मे घेते, म्हणून तुमचा दारातला भाव आणि गॅलरीतला भाव एकच ठेवा. दारात स्वस्त दिलं की गॅलरीवाला परत उभं करत नाही, आणि ते बरोबरच आहे. देवळालीकरांच्या नावाच्या कला वीथिकेत मी कितीदा चित्रं लावली. मुंबईच्या जहांगीरला एकदाच. तिथला नंबर लागायला वर्षं जातात, मिळतो एक आठवडा. चित्रांची पेटी रेल्वेने नेणं, हमाली, लॉज, आमंत्रणपत्रिका, सगळं जाऊन मला त्या आठवड्यात चारशे रुपये तोटा झाला. पण त्या आठवड्यात ज्या पुण्याच्या बाईंनी एक लहान चित्र नेलं, त्यांनी पुढच्या अकरा वर्षांत आणखी नऊ घेतली. आजवरचं माझं सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक.

आणि घरची माणसं! "तुला काय, हातातलंच तर आहे." लग्नात आहेर म्हणून चित्र, मुंजीत चित्र, गृहप्रवेशाला तर दोन. सोनाराची सून माहेरी जाताना बांगड्या वाटत जाते का हो? माझ्या सासूबाईंनी हा प्रश्न माझ्यासाठी सोडवला. शिकलेल्या चौथीपर्यंतच्या, पण हिशोब पक्का. त्यांनी नियम केला: सख्ख्या नात्यात रंगसामानाचे पैसे, चुलत-मावस नात्यात निम्मे, त्यापुढे पुरे. आणि मागायला त्या स्वतः जायच्या. त्यांच्यासमोर नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. त्यांची स्वतःची तसबीर मी त्या हयात असताना केली, समोर बसवून. त्यांनी तिचेही पैसे दिले. एक्कावन्न रुपये, रंगसामानाचे.

मी पहिल्या दिवसापासून विक्रीची वही ठेवली आहे. क्रमांक, चित्र, माप, कुणाला, कितीला. त्यात ४१२ तसबिरी आहेत. प्रत्येकीच्या मागे, चौकटीच्या वरच्या पट्टीवर, काळ्या रंगात तोच क्रमांक आणि साल आहे. गेल्या काही वर्षांत जुन्या इंदुरातले वाडे पडून फ्लॅट झाले. फ्लॅटच्या भिंती लहान आणि आधीच टीव्हीने अडलेल्या. मागच्या वर्षी माझी क्रमांक १३८ मला एका भंगारवाल्याच्या गाडीवर दिसली. फ्रेमच्या सागवानासाठी घेतली होती त्याने, आजीबाईंना तो तसाही काढून टाकणार होता. दीडशे रुपयांना मी ती परत घेतली. त्या घराचं नाव वहीत आहे, पण तो वाडा आता नाही आणि मंडळी पुण्याला गेली असं कळलं. नऊवारी, हिरवं लुगडं, उजव्या गालावर तीळ, १९७९.

तुमच्याकडे जुन्या तसबिरी असतील तर उतरवून मागची बाजू पाहा. माझा क्रमांक नसला तरी काहीतरी सापडेल: फ्रेमवाल्याची चिठ्ठी, एखादी आडवी सही. माझ्या आधीच्या पिढीत तसबिरी करणारे अनेकजण सही मागेच करत, पुढे केली तर घरच्यांना आवडायचं नाही. ओल्या फडक्याने किंवा बटाट्याने पुसू नका, हा सल्ला ज्याने कुणी दिला असेल तो विसरा. मऊ कोरडा ब्रश, वरून खाली, बस. काच आणि चित्र एकमेकांना चिकटू देऊ नका. आणि द्यायचीच झाली तर भंगारात देऊ नका. मला कळवा, मी येऊन घेऊन जाईन. क्रमांक १३८ सध्या माझ्याच खोलीत आहे, खिडकीच्या डाव्या बाजूला. तिळावरून कुणाला ओळख पटली तर सांगा.